साडेबेचाळीस

काचा वर. दोन्ही दारं बंद.
बाबांच्या जुन्या शेवेटची मागची सीट
प्लायवूडच्या पेटीने कधीच गिळलीय.
डॅशबोर्डच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने बसवलेला माइक,
त्याची वायर दाराच्या रबराखालून बाहेर,
फुटपाथवर, माझ्या मांडीवरच्या मीटरपर्यंत.
"लिही, जुसारा," इव्हानिल्डो म्हणतो.
मी वहीत दोन रकाने आखते.

मोसोरोत दुपारी तीनला कुत्रंही हिंडत नाही.
मिठाचे ट्रक तेवढे येतात समुद्राकडून,
ताडपत्रीच्या फटीतून पांढरं सांडत.
आमच्या गाडीच्या टपावर त्याचा पातळ थर,
पुसायचा कुणाला कंटाळा आलेला.

गाणं लावायचं नाही. गाण्याने काही कळत नाही,
ते प्रत्येक सुराशी थोडं थोडं गोड बोलतं.
लावायचा एकच सूर, सपाट, बिनशब्दाचा,
पंचविसापासून वर,
दर खेपेला अर्धी पायरी.
आवाज तोच ठेवायचा. हात लावायचा नाही.
लोकांना वाटतं, बटण पिळलं की झालं.
पण गाडीच्या पोकळीला आपला एक आकडा असतो,
आणि तो कंपनीच्या कागदावर नसतो.

सव्वीस. सत्तावीस. पोटात नुसता खड्डा.
साडेतीसला नंबरप्लेट दात वाजवते.
चौतिसाला समोरच्या डोना झुल्मिरा
खिडकीत येऊन देवाचं नाव घेतात, आमचंही घेतात.
छत्तिसाला आरशातला रस्ता विरघळतो.
सदतिसाला
डाव्या दारात कुठेतरी एक बारीक किणकिण.

छत्तिसाला नव्हती. साडेसदतिसाला नाही.
फक्त सदतिसाला, हटवादी, डासासारखी.

इव्हानिल्डो शिव्या देत दाराचं अस्तर उचकटतो.
आत गंज, वाळकी चिंच, एक नाणं,
आणि बाबांच्या दाढेची सोन्याची टोपी.

सहा वर्षं झाली.
जेवताना पडली, खिशात ठेवली, आणि गेली.
त्या दिवशी शेजारच्या सीटवर जेनिवाल्डो काका होते,
म्हणून चोरही तेच.
लग्नं झाली, बारशी झाली, आजीचं मातीला जाणं झालं,
दोन भाऊ मिठाची गुळणी धरून
एकाच गावात राहिले.

बाबा हाक मारल्यावर बाहेर आले.
टोपी तळहातावर घेतली, उन्हाकडे धरली,
सदऱ्याला पुसली.
आम्हाला वाटलं, आता काहीतरी बोलतील.
त्यांनी सायकल काढली.
कोपऱ्यावर ते उजवीकडे वळले,
जिकडे बाजार नाही, चर्च नाही,
फक्त काकांचं घर आहे.

"चल, पुढे," इव्हानिल्डो म्हणाला जरा वेळाने,
घसा खाकरून. "रविवारी स्पर्धा आहे."

अस्तराखाली फोम कोंबून दार बसवलं.
एकोणचाळीस. चाळीस. मीटर पायऱ्या चढतं.
साडेएकेचाळीसला पुढची काच
श्वास घेते, सोडते.
बेचाळीस.
साडेबेचाळीस, आणि टपावरचं मीठ उठलं.
बोटभर उडालं, खाली आलं, पुन्हा उडालं,
आणि कुणी केरसुणीने सारल्यासारखं
वळणावळणाच्या रेघांत जाऊन बसलं.
रेघांमध्ये टप स्वच्छ, निळा,
विकत घेतला तेव्हा होता तसा.

एकशे सेहेचाळीस पॉइंट दोन.
त्रेचाळीसला घसरलं. साडेत्रेचाळीसला आणखी.
मी आकड्याभोवती गोल केला.
इव्हानिल्डो नाचला, मग लाजला.

अंधार पडला तरी बाबा आले नव्हते.
भाताचं पातेलं झाकून ठेवलं.
इव्हानिल्डो टप पुसायला फडकं घेऊन निघाला,
मी म्हटलं, राहू दे आजची रात्र.